वेळासचा घरगुती मुक्काम: आठच पाहुण्यांचे घर

मार्चमध्ये आम्ही चौघे मंडणगड तालुक्यातील वेळास गावी एका घरगुती निवासात दोन रात्री राहिलो. झोपायला ओटीवर गाद्या, सर्वांना मिळून एक न्हाणीघर, आणि जेवायला तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, कच्च्या फणसाची भाजी व सोलकढी. भाकरी तव्यावरून थेट पानात येत होती, आणि ओल्या खोबऱ्याने त्या भाजीला आलेली गोडी शहरातल्या कोकणी थाळीत मला आजवर मिळालेली नाही.

तरीही हे घर मनात राहिले ते तेथील एका नियमामुळे. एका वेळी आठांहून अधिक पाहुणे ते घेत नाहीत. शनिवारी सहा जणांचे कुटुंब आले, तेव्हा घरच्या काकूंनी त्यांना चहा दिला आणि दोन घरे पलीकडे जाऊबाईंकडे पोचवले. आलेले गिऱ्हाईक का सोडले, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, “विहिरीला मे महिन्यापर्यंत पाणी पुरायला हवं. आणि त्यांच्याकडेही चार पैसे जायला हवेत ना.”

काकूंचे हे उत्तर ऐकून मला अर्थशास्त्रातली एक गोष्ट आठवली. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची पद्धत घडवणारे अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांनी १९३४ मध्येच अमेरिकेच्या काँग्रेसला सादर केलेल्या अहवालात बजावले होते की, या आकड्यावरून राष्ट्राच्या कल्याणाचा अंदाज क्वचितच बांधता येतो. न्यूझीलंडने २०१९ मध्ये लोकांचे कल्याण केंद्रस्थानी ठेवून अर्थसंकल्प मांडला. उलाढाल वाढली म्हणजे लोकांचे भले झाले असे नव्हे, हाच विचार मला वेळासच्या किनाऱ्यावर दिसला. पूर्वी येथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी चोरीला जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांच्या साथीने ती कुंपणात जपायला सुरुवात केली, आणि आज समुद्राकडे निघालेली पिल्ले पाहायला येणाऱ्या माणसांमुळे अनेक घरांत हंगामाची मिळकत येते. किनारा शांत आणि अंधारा राहिला, तरच ही मिळकत टिकणार आहे. म्हणून काकूंचा आठांचा नियम मला हिशेबी शहाणपणाचा वाटतो. मोठे हॉटेल उभे राहिले, तर उलाढाल नक्कीच वाढेल, पण विहीर आणि कासव दोन्ही संकटात येतील.

गैरसोय सांगायची तर सकाळी न्हाणीघरासाठी बराच वेळ थांबावे लागते, आणि आरक्षण पक्के करायला आम्हांला तीनदा फोन करावा लागला. पिल्ले दिसतीलच याची हमी कोणी देत नाही. आम्हांला ती पहिल्या दिवशी दिसली नाहीत, दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा दिसली. शक्यतो शनिवार-रविवार टाळून जावे.