अमिकासिन इंजेक्शन : पावसाळाभराच्या वापरानंतरचा अनुभव

दुर्बिणीतून पित्ताशय काढल्यानंतर माझ्या पोटावरील एका छिद्राची जखम भरेना. क्षयजंतूंच्या कुळातील, पण क्षयरोग न करणारा जंतू तपासणीत सापडला आणि बेळगावच्या डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिनच्या गोळ्यांसोबत अमिकासिन हे प्रतिजैविक (जंतूंना मारणारे औषध) सुरू केले. खानापूर तालुक्यातील आमच्या गावाजवळच्या दवाखान्यात ते पावसाळाभर टोचून घेतले.

गोळी का नाही, हा माझा पहिला प्रश्न होता. अमिकासिन ज्या गटातले, त्या अमिनोग्लायकोसाइड गटातील औषधे आतड्यातून जेमतेम एक टक्का शोषली जातात, म्हणून सुईला पर्याय नाही. स्नायूत टोचल्यावर तासाभरात रक्तातील पातळी शिखर गाठते. औषध पेशींबाहेरील पाण्यात, म्हणजे दर किलो वजनामागे साधारण पाव लिटरात, पसरते. चरबीत ते फारसे जात नाही. माझा देह स्थूल असल्याने डॉक्टरांनी काट्यावरचे वजन जसेच्या तसे न धरता कमी धरले आणि किलोला १५ मिलिग्रॅम या हिशेबाने मात्रा ठरवली. यकृत या औषधाला हात लावत नाही. मूत्रपिंड ते आहे त्याच रूपात गाळून टाकते आणि मूत्रपिंड धडधाकट असेल तर रक्तातील पातळी दर दोन-तीन तासांनी निम्मी होते.

एवढ्यावरून हे औषध निरुपद्रवी वाटेल, पण गाळलेल्यातील थोडा अंश मूत्रनलिकेच्या पेशी ओढून घेतात आणि तो तेथून निघायला दिवसच्या दिवस लागतात. या पेशींची ओढून घेण्याची क्षमता मर्यादित असल्यामुळे एकदम दिलेली मोठी मात्रा तुकड्यातुकड्याने दिलेल्या तेवढ्याच मात्रेपेक्षा मूत्रपिंडाला कमी जाचते. शिवाय रक्तातील पातळीचे शिखर जितके उंच, तितके जंतू जास्त मरतात. “सकाळ-संध्याकाळ अर्धे-अर्धे घ्या, सोसेल,” असा सल्ला गावात मिळाला होता. तो मानला नाही, हे बरे झाले.

भात लावणीच्या दिवसांत कंबर धरली तरी डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची गोळी वर्ज्य होती, कारण तीही मूत्रपिंडावरच भार टाकते. मध्येच जुलाब लागले तेव्हा क्रिएटिनिनचा (मूत्रपिंड किती काम करते ते दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) अहवाल येईपर्यंत डॉक्टरांनी इंजेक्शन थांबवले. मूत्रपिंड मंदावले की जे औषध तासांत उतरायचे ते दिवसापेक्षाही जास्त काळ रेंगाळते, तेव्हा नेहमीचीच मात्रा विषासारखी ठरू शकते. क्रिएटिनिन सुदैवाने फारसे वाढले नाही.

खरी किंमत कानाने मोजली. अंतर्कर्णाच्या द्रवात हे औषध साचते आणि तेथील केसपेशी (आवाज टिपणाऱ्या पेशी) एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आधी उंच पट्टीचे स्वर जातात, त्यामुळे बोलणे नीट कळत असताना आपले काही हरवले आहे हे ध्यानातच येत नाही. रात्री रातकिड्यांचा आवाज घरच्यांना ऐकू येई, मला विरळ वाटे. ऑडिओमेट्रीत, म्हणजे श्रवणचाचणीत, तेच दिसले आणि रोजचे इंजेक्शन आठवड्यातून तीनदा झाले. उपचारापूर्वीची श्रवणचाचणी मात्र रुग्णालयाने केलीच नव्हती, त्यामुळे घट नेमकी किती हे सांगता येत नाही. ही तक्रार मी मनापासून नोंदवतो. आईकडच्या नात्यात कुणाला अशा इंजेक्शनांनी बहिरेपण आले असेल तर ते आधीच सांगावे. आईकडून येणारा एक आनुवंशिक दोष असा आहे की त्यात थोड्या मात्रेनेही कान जातो.

जखम भरली, म्हणून औषधाला मी वाईट म्हणणार नाही. इंजेक्शने संपली तरी कानाची तपासणी चालू आहे, कारण शेवटच्या मात्रेनंतरही काही आठवडे ऐकू येणे घटू शकते.