चेक द्यायचा, ट्रस्ट काढायचा की आयटीआयला हात द्यायचा? उद्यमबागेतल्या मालकांसाठी

मार्च जवळ आला की बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा या कारखान्यांच्या वसाहतींत सगळीकडं तोच विषय, सीए फोन करतो की सीएसआरचे, म्हणजे कंपनीनं समाजाच्या कामावर खर्चायचे पैसे अजून तसेच आहेत, आणि मग त्या आठवड्यात जो दारात येईल त्याला चेक जातो. पैसे जातात, काम होतंच असं नाही. म्हणून थेट देणगी, स्वतःचा ट्रस्ट, एनजीओ आणि आयटीआय हे जे चार रस्ते आहेत ते एकमेकांशेजारी ठेवून बघूया, आणि मला काय बरं वाटतं तेही सांगतो.

आधी, तुम्हाला कायदा लागतो का ते बघा. कंपनी कायदा २०१३, कलम १३५ : आदल्या वर्षी नेटवर्थ ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी गाठलं तरी मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावा लागतो. फाउंड्रीवाला (ओतकामाचा कारखानदार) सापडला तर नफ्याच्या अटीतच सापडणार. भागीदारी किंवा प्रोप्रायटरी फर्म असेल तर सक्ती नाही, जे द्याल ते मनानं. समजा सरासरी नफा ६ कोटी, म्हणजे १२ लाख. ५० लाखांपर्यंत वेगळी कमिटी पण नको, बोर्डानं ठरवलं की झालं. आणि कर वाचेल म्हणून करत असाल तर तो हिशोब सोडून द्या, सीएसआर धंद्याचा खर्च म्हणून वजा होत नाही, आणि २२ टक्क्यांचा दर घेतलेल्या कंपनीला ८०जी ची, म्हणजे देणगीवरची करसूटही मिळत नाही.

पहिला रस्ता थेट देणगीचा. याला नावं ठेवणाऱ्यातला मी नाही. २०१९ च्या पुरात चिकोडी-निपाणीकडं पाणी शिरलं तेव्हा स्ट्रॅटेजी करत बसायची वेळ नव्हती, ट्रक भरून पाठवणं हेच बरोबर होतं. आणि बेळगावातल्या कॉलेजांच्या नुसत्या पाट्या वाचा, राजा लखमगौडा, लिंगराज, गोगटे, आपलं शिक्षण देणगीवरच उभं राहिलंय. पण तिथं पैसा पोचला तेव्हा तो सांभाळणारी माणसं आधीच कामाला लागलेली होती, केएलई ही शिक्षणसंस्था १९१६ साली काढली ती सात जणांनी, शिक्षणासाठी आयुष्य वाहिलेल्यांनी. चालवणारा पक्का असेल तर चेक द्या, बिनधास्त. नसेल तर काय होतं ते खानापूर तालुक्यात जंगलाकडच्या एका मराठी शाळेत बघितलंय. भिंतीवर मोठा स्मार्ट टीव्ही, खाली देणाऱ्या कंपनीचा स्टिकर, वर टॉवेल टाकून झाकलेला, पावसात लाइट सारखी जाते, इन्व्हर्टरची बॅटरी बसलेली, आणि आतले धडे कन्नड नाहीतर इंग्लिशमध्ये, पोरं मराठी माध्यमाची. गुरुजींना विचारलं तर म्हणाले, आम्हाला पत्रे बदलून पाहिजे होते. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं हो!

स्वतःचा ट्रस्ट ऐकायला भारी वाटतो, आईवडलांचं नाव लागतं, ते चूक नाही. पण १२ए, ८०जी (दोन्ही आयकर खात्याकडच्या) आणि सीएसआर-१ (सीएसआरचे पैसे घेण्यासाठीची) ची नोंदणी, दरवर्षीचं ऑडिट, वर एक पगारी माणूस, १२ लाखातले किती उरणार? अझीम प्रेमजींचं उदाहरण लोक देतात, पण ती गोष्टच वेगळी, तिथं कंपनीचा सीएसआर नाही तर त्यांनी स्वतःची संपत्ती फाउंडेशनला दिलीय, म्हणून २०२४ मध्ये कर्नाटक सरकारशी ३ वर्षांसाठी सुमारे १५०० कोटींचा करार करून शाळेतल्या पोरांना आठवड्यातून २ ऐवजी ६ दिवस अंडी देता आली. ती झेप वेगळी, आपण त्या मापानं ट्रस्ट काढू नये. पाच-सहा मालक मिळून एक काढणार असाल तर मात्र विचार करा.

एनजीओमार्फत करायचं असेल तर किमान ३ वर्षांचा अनुभव आणि सीएसआर-१ नंबर बघा. निपाणीत विडी वळणाऱ्या बायकांच्या तब्येतीचं काम असेल तर ते तुम्हाआम्हाला जमणार नाही, तिथं हाच रस्ता.

आता चौथा, आयटीआयचा. पोर्टर आणि क्रेमर या मॅनेजमेंटच्या अभ्यासकांनी २००२ मध्ये मांडलेली गोष्ट साधी आहे, जिथं समाजाची गरज आणि तुमच्या धंद्याची गरज एका जागी येते तिथं द्या, कारण तिथं पैशाबरोबर तुमचं डोकं पण जातं. कर्नाटक सरकारनं टाटा टेक्नॉलॉजीजला बरोबर घेऊन १५० सरकारी आयटीआय सुधारायला घेतले ते याच वाटेवरचं. आपल्याकडं मोल्डर (ओतकामाचे साचे करणारा) मिळत नाही, व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंगचं मशीन) हात बसलेला पोरगा मिळत नाही, आणि खानापूरची पोरं कामाला गोव्याला जातात! एखाद्या आयटीआयला मशीन द्या, पण त्याबरोबर कटिंग टूल, कूलंट, मेंटेनन्स पण द्या, नाहीतर मशीन शोभेला, आणि तुमचा जुना फोरमन शनिवारी तिथं उभा राहिला पाहिजे, मराठी पोरांशी मराठीत, कन्नड पोरांशी कन्नडमध्ये. त्याच्या वेळेचे पैसे लावून ते सीएसआरमध्ये धरता येत नाहीत, तेवढं घरचं समजा. फक्त आपल्याच कामगारांना शिकवलं तर ते सीएसआर नव्हे. शिकलेला पोरगा शेजारच्या युनिटला गेला तर जाऊ दे, त्याला बाँडमध्ये अडकवू नका. या रस्त्याची खोट एकच, पण मोठी आहे : जे धंद्याच्या उपयोगाचं नाही, म्हातारी माणसं, अपंग मुलं, ते यादीत येतच नाही.

मला विचाराल तर १२ लाखातले ८ आयटीआयला, ३ वर्षांचा प्रकल्प म्हणून बोर्डाच्या ठरावात लिहून, म्हणजे ३१ मार्चला उरलेले पैसे ३० एप्रिलच्या आत वेगळ्या खात्यात टाकून पुढच्या ३ वर्षांत वापरता येतात. ४ लाख अशा संस्थेला जिचा तुमच्या धंद्याशी काडीचा संबंध नाही. पुराबिरासाठी सीएसआरमधून राखून ठेवायला जाऊ नका, प्रकल्प नसलेला न खर्चलेला पैसा ३० सप्टेंबरपर्यंत सरकारी फंडात भरावा लागतो, ती मदत खिशातून करा. आणि बोलणी मार्चमध्ये नको, मे महिन्यात जाऊन बसा, नवीन वर्षाचे प्रवेश सुरू व्हायच्या आत, आणि जाताना फोरमनला बरोबर घ्या.