पंचेचाळीस हजारांचा की लाखाचा?

भाच्याला बेळगावात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि घरात लॅपटॉपचा विषय निघाला. एकीकडे ४५ हजारांचा विंडोज, दुसरीकडे २०२५ मध्ये ९९,९०० रुपयांना आलेला ॲपलचा एम४ मॅकबुक एअर.

महागाची खरी ताकद बॅटरी. कंपनी वेब वापराचे १५ तास सांगते. दहा मिळाले तरी खानापूरच्या पावसाळ्यात वीज गेल्यावर अभ्यास अडत नाही. स्वस्तातला बहुधा दुपारपर्यंतच चार्जर शोधायला लावतो. शिवाय वजन फक्त १.२४ किलो. निपाणीहून रोज बसने येणाऱ्या पोराच्या खांद्याला हा फरक नक्की कळतो. स्क्रीनही कितीतरी उजळ.

पण त्याची रॅम (चालू कामाची मेमरी) आणि स्टोरेज (फाइली साठवायची जागा) बोर्डालाच पक्की. २५६ जीबी भरली की आतून वाढवता येत नाही. स्वस्तातल्या बऱ्याच मॉडेलांत रॅमचा स्लॉट, म्हणजे जादा रॅम बसवायची जागा, असतो; आठची सोळा जीबी गावातला दुरुस्तीवालाही करून देतो.

आमच्याकडे निकाल लागला तो वेगळ्याच कारणाने. भाचा मेकॅनिकलला, आणि यंत्रांचे भाग डिझाइन करायचं सॉलिडवर्क्स हे सॉफ्टवेअर मॅकवर थेट चालत नाही. म्हणून विंडोजच घेतला, मात्र स्लॉट आहे याची खात्री करूनच. कॉम्प्युटर सायन्सला असता, तर मी ताईला थोडं थांबून पैसे साठवायला सांगितलं असतं.