क्रोम डेव्हटूल्स: लाइटहाउसला साडेतीन, परफॉर्मन्स पॅनलला पाच

नागपुरात कळमन्याच्या मिरची बाजारात एका अडत्याच्या गाळ्यावर हिशेबाचं वेब अॅप चालतं. शेतकऱ्याचं नाव, पोती, वजन, भाव, हमाली, तोलाई भरायची, की पट्टी तयार. बांधलं दुसऱ्या कुणी, देखभालीला आलं माझ्याकडे. पहिल्याच दिवशी लाइटहाउस, म्हणजे पान तपासून गुण देणारं क्रोमचं अवजार, चालवलं तर ९४ गुण, वर्तुळ हिरवंगार. आणि मुनीमजींची तक्रार काय, तर "ताई, मी नाव लिहून राहिलो, अन् अक्षर मागून येऊन राहिलं."

दोघंही खरंच सांगत होते. डेव्हटूल्स, म्हणजे क्रोम ब्राउझरसोबत फुकट मिळणाऱ्या पान तपासायच्या अवजारांबद्दल माझं जे मत झालं, ते त्यातूनच.

आधी लाइटहाउस. डेव्हटूल्समध्ये ते २०१७ पासून आहे, तेव्हा त्या टॅबचं नाव ऑडिट्स होतं. बटण दाबलं की मिनिटभरात शंभरपैकी गुण हातात येतात. ग्राहकाला दाखवायला याच्यासारखी सोयीची वस्तू नाही, आणि गडबड तिथेच होते. कामगिरीचे हे गुण पाच मापांतून निघतात: टोटल ब्लॉकिंग टाइमला (पान अडकून पडल्याचा वेळ) ३० टक्के, एलसीपी (सगळ्यात मोठा भाग दिसायला लागलेला वेळ) आणि सीएलएसला (मांडणी किती सरकते) प्रत्येकी २५, एफसीपी (पहिलं काही दिसायला लागलेला वेळ) आणि स्पीड इंडेक्सला (पान किती झटपट भरत जातं) प्रत्येकी १०. नेहमीच्या नेव्हिगेशन मोडमध्ये ही सगळी मापं पान उघडतानाची असतात. पान उघडल्यावर मुनीमजी दिवसभर त्यात नावं टाइप करतात, ते या गुणांत कुठेच येत नाही. टाइमस्पॅन नावाचा मोड आहे, त्यात वापरतानाचं मोजमाप होतं, पण तो निवडणारे लोक मला फारसे भेटलेले नाहीत.

शिवाय हे गुण स्थिर नसतात. मोबाइल निवडला की लाइटहाउस संथ ४जी आणि चौपट मंद प्रोसेसर गृहीत धरतं. पण चौपट मंद कशाच्या? तुमच्या लॅपटॉपच्या. आयटी पार्कमधल्या नव्या कोऱ्या मशीनवर येणारा आकडा माझ्या जुन्या लॅपटॉपवर येत नाही. ब्राउझरची एक्सटेन्शन चालू असतील तर आणखी घोळ. इन्कॉग्निटोत चालवा, दोन-चारदा चालवा आणि मधला आकडा धरा. एका आकड्यावर बिल लावणाऱ्यांपासून चार हात लांब राहा.

आता परफॉर्मन्स पॅनल, पान चालताना वेळ कुठे जातो ते रेकॉर्ड करणारं. इथे मी पूर्ण पाच तारे देते. गूगलने मार्च २०२४ मध्ये एफआयडी (पहिल्या स्पर्शावर काम सुरू व्हायला लागणारा वेळ) काढून आयएनपी हे माप आणलं: बोट लावल्यापासून किंवा कळ दाबल्यापासून पडद्यावर बदल दिसेपर्यंत किती वेळ जातो. २०० मिलिसेकंदांच्या आत असेल तर चांगलं, ५०० च्या वर गेलं तर वाईट. पॅनल उघडलं की पान वापरता वापरताच हा आकडा समोर दिसतो. त्याहून कामाची गोष्ट म्हणजे तो तीन तुकड्यांत फोडून मिळतो: काम सुरू होण्याआधीची वाट, आपल्या कोडचा वेळ आणि चित्र पडद्यावर उमटायला लागलेला वेळ.

कळमन्यात मोठा तुकडा तिसराच निघाला. प्रत्येक अक्षरागणिक शेतकऱ्यांची अख्खी यादी गाळून टेबल नव्याने रचलं जायचं. त्यात टेबलाची रुंदी आपोआप ठरणारी, म्हणजे रकाना केवढा हवा ते कळायला ब्राउझर सगळ्या ओळी मोजत बसणार. देवनागरीत जोडाक्षरं जुळवायचं काम आणखी वर. रेकॉर्डिंगमध्ये ५० मिलिसेकंदांपेक्षा लांब कामांवर लाल पट्टे येतात, इथे तर पट्ट्यांची रांगच होती. टेबलाची मांडणी फिक्स्ड केली, पहिली वीसच नावं दाखवली आणि टाइप करणं क्षणभर थांबल्यावरच शोध सुरू होईल असं केलं. अक्षर बोटाखाली यायला लागलं. लाइटहाउसचे गुण? जवळपास तिथेच.

यातली खरी कमाई मात्र केबलची. फोनच्या सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सातदा टॅप करून डेव्हलपर पर्याय उघडायचे, यूएसबी डीबगिंग चालू करायचं, फोन लॅपटॉपला जोडायचा आणि क्रोमचं इन्स्पेक्ट पान उघडायचं. मुनीमजींच्या फोनवरचं पान तुमच्या लॅपटॉपवर, सगळ्या पॅनलांसकट हजर. मी हे गाळ्यावर बसून केलं, वर पत्रे, महिना एप्रिलचा. नागपुरात एप्रिलात पारा चाळिशी ओलांडतोच, आणि तापलेला फोन जीव वाचवायला प्रोसेसरचा वेग स्वतःच उतरवतो. सकाळची आणि दुपारची रेकॉर्डिंग शेजारी ठेवली तर कोड तोच, पट्टे मात्र लांबलेले. धरमपेठेतल्या एसीत बसून चौपट मंदपणाची नक्कल कितीही केली तरी हे हाती लागत नाही. (मिरचीच्या खकाण्यात शिंकत काम करायची तयारी ठेवा. रुमाल न्या.)

नेटवर्क पॅनल आणि कव्हरेज यांच्याबद्दल थोडक्यात. कव्हरेज कोणती सीएसएस आणि जावास्क्रिप्ट वापरलीच गेली नाही ते लाल रंगात दाखवतं. पण लाल दिसलं म्हणून लगेच कात्री लावू नका, पट्टी छापायचा कोड छापेपर्यंत लालच दिसणार. नेटवर्कमध्ये पानासाठी कोणत्या फाइल कधी आल्या ते दिसतं, तिथे मी सगळ्यात आधी फॉन्ट बघते. या अॅपमध्ये मुक्ता फॉन्ट उशिरा यायचा, तोवर फोनचा स्वतःचा देवनागरी फॉन्ट दिसायचा. दोघांची उंची वेगळी, त्यामुळे फॉन्ट बदलला की 'पट्टी छापा' बटण खाली सरकायचं. फॉन्ट आधीच मागवला, पर्यायी फॉन्टचं माप सीएसएसच्या साइज-अॅडजस्टने जुळवलं आणि सरकणं गेलं. इंग्रजी पानांवर हा त्रास कमी जाणवतो, म्हणून परदेशी ट्युटोरियलमध्ये त्यावर दोनच ओळी असतात. मराठी साइट करणाऱ्यांनी इथे जास्त वेळ द्यावा.

तक्रारी आहेतच. टॅबांची नावं आणि जागा बदलत राहतात, गेल्या वर्षीचा व्हिडिओ बघून यंदा बटण सापडेल याची खात्री नाही. मेमरी पॅनल नवख्याला घाबरवणारंच आहे. सोर्स मॅप (आटवलेला कोड मूळ कोडशी जुळवून देणारी फाइल) नसेल तर परफॉर्मन्स पॅनलमध्ये एकेका अक्षराच्या नावाची फंक्शनं दिसतात, आणि कोणतं कुणाचं ते शोधण्यात दुपार जाते. म्हणून दुसऱ्याचं काम हातात घेताना सोर्स मॅप आधी मागून घ्या, पैशाचं बोलणं त्यानंतर.

आणि हे सगळं अँड्रॉइडवर. शेठजींचा मुलगा संध्याकाळचा हिशेब आयफोनवर बघतो. त्याच्या सफारीचं पान असं केबल लावून तपासायला अॅपलचं वेब इन्स्पेक्टर लागतं, आणि त्यासाठी मॅक. माझ्याकडे तो नाही. सध्या सदरमधल्या मैत्रिणीचा मागून आणते, तोही रविवारी.