ग्लास पेंटिंगच्या कामाच्या नावाखाली माझे ९,४९० गेले, नागपूरकरांनो वाचा

"घरबसल्या काचेवर पेंटिंग करा, रंग आमचे, दिवाळीच्या कंदिलाच्या काचा आम्हीच विकत घेऊ" असं कोणी म्हटलं की तिथेच ब्लॉक मारा. पद्धत जुनीच, आधी किटचे अन् डिपॉझिटचे पैसे घ्यायचे, मग केलेलं काम रिजेक्ट करून गायब व्हायचं; मला पण माहीत होती. किटचे ३,८५०, डिपॉझिट ५,००० आणि कुरिअरचा इन्शुरन्स म्हणे ६४०. घरी मी अजून फक्त किटचेच सांगितले आहेत.

मी नवखी असती तर एवढा जीव जळला नसता. बाटल्या, दिवे रंगवून विकते मी. शेड निवडायला किटवाल्यानं चार्ट पाठवला तो पांढऱ्या कागदावरचा, आणि कागदावर ग्लास कलर काय न् पोस्टर कलर काय, सगळंच मस्त दिसते. काचेचा रंग काचेवरच लावून, उजेडासमोर धरून पाहायचा असते, नाहीतर गडद निळा-जांभळा नुसता काळा वाटतो. मी विचारलं होतं, भाऊ, सॉल्व्हंट बेस आहे की वॉटर बेस, म्हणजे थिनरवाला की पाण्यावाला? तर म्हणे "दोन्ही आहे ताई, एकदम ओरिजनल". दोन्ही! एकाच बाटलीत दोन्ही कसं राहील बाप्पा? तिथेच फोन ठेवायचा होता. पण घरात पाहुणे, कुकरच्या शिट्ट्या, त्यात तो इतकं गोड बोलून राहिला होता की माझ्या जागी कोणीही पैसे टाकले असते.

किट आलं तर पिवळ्यावर निळा लावल्यावर हिरवा दिसायला पाहिजे न, उजेड आरपार जाते म्हणून, इथं पिवळा गायब अन् निळा तसाच. सुकल्यावर ओलं फडकं फिरवलं तर सगळा रंग फडक्यावर, पोस्टर कलरसारखा. डिपॉझिट अडकलं होतं म्हणून तरीही काचा करून पाठवल्या, तर "फिनिशिंग रिजेक्ट", डिपॉझिट जप्त, नंबर बंद. डिपॉझिट मागणारा काम देत नसते, लिहून ठेवा.

पत्ता दिला होता इतवारीचा, तिथं बारदान्याचं दुकान निघालं. पोलीस ठाण्यात गेली तर म्हणे सायबरवाल्यांकडे जा, सायबरवाले म्हणे पार्सल तर मिळालं न, मग ही ग्राहकाची भानगड. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या केसला फी नाही हे खरं, पण समोरच्याचं नाव-पत्ता द्यावा लागते, अरे पत्ता असता तर मीच गेली नसती का चप्पल घेऊन? बँकेतले साहेब मान वर न करता म्हणे "मॅडम, पिन तुम्हीच टाकला न". ठाण्यात तर एकानं हसून विचारलं, एवढ्या पैशात घराच्या भिंती रंगवून झाल्या असत्या न ताई? ह्यांना पगार कायचा मिळते?

पैसे गेल्यागेल्या १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन करा, पार्सलची वाट पाहत बसू नका, मी बसली म्हणूनच "माल मिळाला" झालं. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. रंग घ्यायचेच तर दुकानात जाऊन घ्या.

अजून कोणी ह्याच माणसाकडून किट घेतलं असेल तर चॅटचे स्क्रीनशॉट जपून ठेवा अन् मला सांगा, चार-पाच जणी मिळून तक्रार दिली तर निदान कागद तरी घेतील.