ओम्नीत पलंग: पक्का ठोकावा की सुट्या पेट्या मांडाव्यात?

जुनी मारुती ओम्नी व्हॅन घेतलीय, इंजिनाचं काम उरकलंय, पासिंगची चिंता मिटलीय, आता मागे झोपायची सोय करायची, अशा टप्प्यावर असाल तर मुख्य प्रश्न हाच. सुताराकडून पक्कं फर्निचर बसवून घ्यायचं, की प्लायच्या पेट्या करून मुक्कामाला त्यावर फळ्या टाकायच्या? आमच्या गाडीत आधी पक्कं होतं, आता पेट्या आहेत.

पक्क्याचं सुख नाकारण्यात अर्थ नाही. कोकणात वेळणेश्वरला अंधार पडल्यावर पोचलात, वर धो धो पाऊस. पक्का पलंग असेल तर सरकतं दार उघडायचं, आत शिरायचं, आडवं व्हायचं. पेट्या असतील तर आधी पिशव्या पुढच्या सीटवर, मग फळ्या, मग गादी, आणि हे सगळं वाकून. पाठ बोलायला लागते. शिवाय पेट्या वळणावर सरकतात. खाली रबरी मॅट आणि वरून रॅचेट पट्टे (खटक्यानं ओढून घट्ट करायचे) लावल्यावर आमच्या बऱ्यापैकी गप्प बसल्या, पूर्ण नाही.

वजनाचं म्हणाल तर सुतार 18 मिलीमीटरचाच प्लाय सुचवेल. 12 चा पुरतो. 796 सीसीच्या इंजिनाला कुंभार्ली घाट चढवायचा आहे, हे त्याला आधीच सांगा.

पण माझं मत फिरवलं ते ओलीनं. जुन्या व्हॅनच्या दारांची रबरं वयानं कडक होतात आणि पावसाचं पाणी कुठून तरी आत येतं. येतं कुठून ते दिसत नाही, कुबट वास तेवढा येतो. ते मॅटखालच्या नमद्यात, म्हणजे जाड कापडी थरात, मुरतं आणि वरून सगळं कोरडं ठाक. पलंग पक्का असला की दिसतो तेवढाच पट्टा पुसायचा. बाकीचं बघायचं तर गादी बाहेर, सामान बाहेर, आणि गंजून डोकं गेलेले स्क्रू. आमचा पलंग उचलला तेव्हा खालचा रंग नखानं पापुद्र्यासारखा निघत होता आणि आत तपकिरी भुगा. सगळ्यात वाईट अवस्था कुठे, तर फर्निचर धरायला पत्र्यात पाडलेल्या भोकांभोवती. तिथं पॅच मारून घ्यावा लागला.

पेट्यांना भोकं लागत नाहीत. सीट बसवायच्या मूळ बोल्टांच्या जागीच आम्ही पट्ट्यांचे हूक अडकवले. पावसाळ्यात उघडीप मिळाली की पेट्या अंगणात, नमदा उन्हात, दिसला गंज तर वायर ब्रश आणि रेड ऑक्साइड, म्हणजे गंजरोधक रंग. कोकणात गाडी नेणाऱ्याला ही सवड मला तरी पलंगापेक्षा मोलाची वाटते. नगर-सोलापूरकडे फिरणाऱ्याला कदाचित वाटणार नाही.

कायद्याचंही थोडं बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसीवरच्या नोंदी कंपनीनं मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होतील असे बदल चालत नाहीत, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते ठामपणे सांगितलं. सीट काढणं म्हणजे आसनसंख्येचा प्रश्न, तेव्हा दोन्ही प्रकारांत आरटीओत आधी विचारून घेतलेलं बरं. फरक एवढाच की पेट्या उतरवून मूळ सीट पुन्हा बसवायला एक संध्याकाळ पुरते.

स्वयंपाक मात्र कोणत्याही प्रकारात आत नको. मागचं दार वर उचललं की त्याच्या सावलीत एका पेटीवर शेगडी छान बसते. ओट्याचा खर्च वाचला.

महिना-महिना गाडीतच राहणार असाल, तर रोजची मांडामांड जीव खाईल. मग पक्कंच करा, पण निदान पलंगाचा वरचा भाग बिजागऱ्यांवर उचलता येईल असा घ्या. शनिवार-रविवारवाल्यांनी पेट्या करताना लांबी व्हॅनच्या मापानं न ठरवता दोन माणसांना भरलेली उचलता येईल एवढीच ठेवा, आणि हाताला धरायच्या खाचा आडव्या, म्हणजे आखूड, बाजूंना कापून घ्या. उभ्या, म्हणजे लांब, बाजूंच्या खाचांत हात घातला की पेटी दारात अडकते.