कारवानचं पिल्लू: सरकारी मान्यता की क्लबचा कागद?

'साहेब, सरकारमान्य जात आहे,' असं म्हणत कारवान या देशी शिकारी कुत्र्याच्या पिल्लाचा भाव चढवला जातो. म्हणणं खोटं नसतं. पण ती मान्यता जातीला आहे, समोर शेपटी हलवणाऱ्या पिल्लाला नव्हे.

कर्नालचा राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरो गाई-म्हशींप्रमाणे देशी कुत्र्यांच्या जातीही नोंदवतो. राजापलायम, चिप्पीपराई, मुधोळ हाउंड आणि अलीकडे हिमाचलचा गद्दी त्या यादीत आहेत. ही नोंद अख्ख्या जातीची: मूळ मुलूख कोणता, ठेवण कशी, काम काय. जतनाच्या आणि संशोधनाच्या दृष्टीने ती मोलाचीच. पण तुमच्या कुत्र्याच्या नावाने कर्नालहून काही येत नाही.

चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाचं उलटं. तो एकेका कुत्र्याची नोंद ठेवतो, कागदावर आई-बाप, आजा-आजी. डॉग शोमध्ये उतरायचं असेल किंवा पुढे वेतातल्या पिल्लांची क्लबात नोंद करायची असेल, तर हाच कागद लागतो. मात्र क्लब ही खाजगी संस्था, आणि तिचा कागद म्हणजे वंशावळ. पिल्लू निरोगी असल्याची हमी नव्हे.

नावाचाही घोळ आहे. आपल्याकडचा कारवान क्लबच्या दप्तरी 'कॅरव्हान हाउंड', तर कर्नालच्या यादीत 'मुधोळ हाउंड'. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी हे कुत्रे इंग्लंडच्या राजाला भेट दिले, तेव्हापासून ते नाव गाजलं. म्हणून जाहिरातीत मुधोळ आणि कागदावर कॅरव्हान दिसलं, तर लगेच फसवणूक समजू नका.

शेतावर राखणीला किंवा घरात सोबतीला हवा असेल, तर माझं मत साफ आहे: दोन्ही शिक्के बाजूला ठेवा आणि पिल्लाची आई बघायला मागा. मालक टाळाटाळ करत असेल तर तिथूनच परत फिरा. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नसतं. सरकारी म्हणून विचारायचा कागद तो हा. गावाकडच्या बहुतेक विक्रेत्यांना तो ठाऊकही नसतो, ही गोष्ट वेगळी.

आणि क्लबच्या कागदासाठी जास्तीचे पैसे मोजणारच असाल, तर आधी पिल्लू डॉक्टरांकडे न्या. खांद्यांच्या मधोमध कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपवर स्कॅनर फिरवला की पंधरा आकडे उमटतात. ते कागदावरच्या मायक्रोचिप क्रमांकाशी जुळवा, मगच पाकीट काढा.